दुसरा कोण होता?

सगळ्या खेळांमधला सगळ्यात डॉमिनंट खेळाडू कोण, हा वाद कुठेही सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत मेसी, बोल्ट, फेल्प्स, जॉर्डन, फेडरर आणि आपला सचिन एवढी नावं येऊन पडतात आणि मग लोक मेडलं मोजायला लागतात. फेल्प्सची ऑलिंपिकची २३ गोल्ड, मेसीचे ८ बॅलन डी'ओर, फेडररच्या २० ग्रँड स्लॅम. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, विषय संपला. मला हा वाद प्रचंड आवडतो, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत मी त्यात भांडलेय, पण ट्रॉफ्या मोजून त्याचा निकाल लागतो हे मला कधीच पटलेलं नाही. कारण एखादा किती वर गेला हे अर्धंच झालं, त्याच्यात आणि त्याच्या लगेच मागे असलेल्यात अंतर किती होतं हे कुठे कुणी सांगतं? म्हणून माझा प्रश्न ठरलेला असतो, की दुसरा कोण होता? त्याचं नाव सांगा, तो किती मागे होता सांगा, आणि तो स्वतः किती तगडा होता तेही सांगा. मग बोलू.

हा प्रश्न मी बाबांकडून उचलला. आम्ही सांगलीकडचे, आणि बाबांच्या पिढीला कुस्तीचं वेड इतकं की मारुती माने हे नाव घरात देवाच्या नावासारखं घेतलं जायचं. अमक्या पैलवानानं यंदा सगळी मैदानं मारली असं कुणी कौतुकानं सांगायला लागलं की बाबा शांतपणे विचारायचे, "कुणाशी धरलेल्या? जोड कोण होता?" कारण कुस्त्या जोडतानाच निम्मा निकाल लागलेला असतो, हलक्या पोराला पाडून कुणी इनाम घेतलं तर हलगी वाजते, टाळ्या पडतात, पण आखाड्याच्या कडेला बसलेल्या जुन्या माणसांना सगळं कळत असतं. गामा पैलवानाचं नाव अजून टिकलंय त्याचं कारणही हेच. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांच्या वर नुसता मॅटला चिकटून पडून राहिला, कुस्ती सोडवावी लागली, आणि १९२८ साली पतियाळात तोच झिबिस्को पुन्हा आला तेव्हा गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चीत केला. आणि गामाची थोरवी सांगताना जुने लोक रहीमबक्ष सुलतानीवालाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जातच नाहीत, गामापेक्षा फूटभर उंच माणूस, ज्यानं गामाला बरोबरीत रोखून धरलं होतं. गामा कळायचा तर रहीमबक्ष माहीत असावा लागतो, हे मी लहानपणी ऐकत आले आणि तेच पुढे सगळ्या खेळांना लावत गेले.

या मापानं मोजायला बसलं की सगळ्यात आधी डॉन ब्रॅडमन समोर येतो. ५२ टेस्ट, ६९९६ रन्स, २९ सेंच्युऱ्या, ॲव्हरेज ९९.९४. शेवटच्या इनिंगला ओव्हलवर ॲव्हरेज शंभर व्हायला ४ रन्स हवे होते आणि एरिक हॉलिसनं शून्यावर बोल्ड काढला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती सोडून देऊ. मला त्याच्या खालची मोठी नावं बघायची असतात. ग्रॅमी पोलॉक ६०.९७, जॉर्ज हेडली ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफ ६०.७३. म्हणजे टेस्ट क्रिकेटमधले हे महान बॅट्समन एकमेकांच्या इतके जवळ उभे आहेत की दशांश चिन्हानंतर भांडावं लागतं, सचिन ५३.७८, गावसकर ५१.१२, आणि मग या सगळ्या घोळक्याच्या वर जवळजवळ ४० रन्सची मोकळी जागा, आणि तिथे एकटा एक माणूस. इतर कुठल्या मोठ्या खेळातल्या अशा मुख्य आकड्यात मला एवढी मोकळी जागा सापडलेली नाही. आइस हॉकीतला वेन ग्रेट्स्की थोडा जवळ येतो, त्याचे गोल आणि असिस्ट मिळून एकूण पॉइंट्स २८५७, त्यातले १९६३ नुसते असिस्ट, आणि एकूण पॉइंट्समध्ये दुसरा असलेला यारोमिर यागर सगळं धरून १९२१. ग्रेट्स्कीनं आयुष्यात एकही गोल केला नसता तरी तो पहिलाच राहिला असता, हे वाचलं तेव्हा मी आकडे पुन्हा तपासून बघितले होते.

चार्ल्स डेव्हिस नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं हे अंतर वेगवेगळ्या खेळांत एकाच पट्टीनं मोजायचा प्रयत्न केला. कल्पना साधी आहे, त्या खेळातले बाकीचे चांगले खेळाडू सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत ते बघायचं आणि आपला माणूस त्या पसाऱ्याच्या किती पट वर आहे ते काढायचं. ब्रॅडमन आला ४.४, पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निकलॉस ३.५, मायकल जॉर्डन ३.४. खालच्या चौघांमध्ये एकेका दशांशाचा फरक आणि पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये एकदम सात. अर्थात या यादीत एकही बाई नाही, त्याबद्दल मला जे म्हणायचंय ते पुढे येईलच.

आता याच्यावर नेहमी येणारा आक्षेप, आणि तो खरा आहे म्हणून मी तो टाळत नाही. त्या काळात क्रिकेट खेळायचं कोण? ब्रॅडमनच्या ५२ पैकी ३७ टेस्ट एकट्या इंग्लंडविरुद्ध, उरलेल्या वेस्ट इंडिज, साऊथ आफ्रिका आणि भारत यांच्याविरुद्ध पाच पाच, आणि सगळ्याच्या सगळ्या दोनच देशांत, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड. फैसलाबादचं पीच नाही, चेन्नईची उष्णता नाही, व्हिडिओ लावून तुमच्या फूटवर्कमधली खोट शोधणारे कोच नाहीत. सगळं मान्य. पण मग तेच बॉलर, तीच पीचेस, तोच काळ बाकीच्यांनाही होता ना? इंग्लंडचा वॉली हॅमंड घ्या. १९२८-२९ च्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सिरीजमध्ये, हॅमंडनं ९०५ रन्स काढले, एका सिरीजमध्ये एवढे रन्स तोपर्यंत कुणीच काढले नव्हते, जगातला सर्वोत्तम बॅट्समन कोण याबद्दल त्या उन्हाळ्यात फारशी चर्चा करायची गरज नव्हती. आणि लगेच पुढच्या ॲशेसमध्ये, १९३० साली, २१ वर्षांच्या ब्रॅडमननं ९७४ काढले, त्यात लीड्सला एका दिवसात ३०९. हॅमंडचं पुढचं सगळं करिअर या एका माणसाच्या मागे गेलं. ७२४९ रन्स, ॲव्हरेज ५८.४५, इतर कुठल्याही काळात जन्मला असता तर लोकांनी त्याच्यावर आरत्या लिहिल्या असत्या, आणि आज आपल्याकडे क्रिकेट जीव की प्राण असलेल्या पोरांनाही हॅमंड माहीत नसतो. खेळ जसा जुना होतो तसे सगळेच सुधारतात आणि वरचे-खालचे जवळ येतात, म्हणून आजच्या काळात ब्रॅडमनचं ॲव्हरेज शंभराजवळ राहिलं नसतं असं मलाही वाटतं. पंचाहत्तर असतं, ऐंशी असतं. पण दुसरा तरीही त्याच्या खालीच असता, बराच खाली.

सांगलीची म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४७-४८ ला स्वतंत्र भारताची पहिली टीम ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा ब्रॅडमन ३९ वर्षांचा होता, महायुद्धानं त्याची ऐन उमेदीतली वर्षं खाल्लेली होती, आणि तरी त्या पाच टेस्टमध्ये त्यानं ७१५ रन्स काढले. त्या दौऱ्यात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी सिडनीला त्याला १३ वर बोल्ड केलं आणि ॲडलेडला एकाच टेस्टमध्ये ११६ आणि १४५ अशा दोन सेंच्युऱ्या ठोकल्या, समोर लिंडवॉल आणि मिलरसारखे फास्ट बॉलर. कोल्हापुरात जन्मलेल्या दत्तू फडकरांनीही त्याच मॅचमध्ये १२३ काढले. मॅच आपण हरलो, पण बाबांच्या भाषेत, जोड तगडा होता आणि आपली माणसं त्याच्यापुढे उभी राहिली.

ब्रॅडमनबद्दल मला पटवणारी खरी गोष्ट मात्र ॲव्हरेज नाहीये, बॉडीलाइन आहे. आकड्यांच्या पलीकडे डॉमिनन्सची एक खूण असते, ती म्हणजे समोरच्यांनी तुला थांबवण्यासाठी काय काय केलं. १९३२-३३ ला इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिन, जो जन्मानं मुंबईचा, मलबार हिलचा, त्यानं एका माणसाला रोखण्यासाठी क्रिकेटच बदलून टाकलं. लारवूडसारखा तुफान वेगाचा बॉलर, बॉल सतत अंगावर आणि लेग साइडला जवळ फिल्डरांचं कोंडाळं, म्हणजे वाचवायचं तर एकतर अंग नाहीतर विकेट. त्यावरून दोन देशांचे संबंध बिघडायची वेळ आली, पुढे अशा बॉलिंगवर बंदी आली, लेगला स्क्वेअरच्या मागे दोनच फिल्डर ठेवायचा नियमही नंतर आला. आणि या सगळ्या खटाटोपातून त्या सिरीजला ब्रॅडमनचं ॲव्हरेज किती झालं? ५६.५७. त्याला मुद्दाम जायबंदी करायला निघाल्यावर तो बाकीच्यांच्या नॉर्मल पातळीला आला. एवढं वाचल्यावर मला या वादात आणखी पुरावा लागत नाही.

खेळाचेच नियम बदलावे लागले असे आणखी एक-दोघे आहेत. बिलियर्ड्समध्ये वॉल्टर लिंड्रम, हाही ऑस्ट्रेलियन, १९३२ ला लंडनमध्ये त्यानं ४१३७ चा ब्रेक केला, समोरचा माणूस खुर्चीत बसून बघतोय आणि हा थांबतच नाही. शेवटी ठराविक पॉइंट्सनंतर क्यू बॉल टेबलावर आखलेल्या बॉल्क लाइनच्या पलीकडे न्यायचाच असा नियम करावा लागला. बास्केटबॉलमध्ये विल्ट चेंबरलेनच्या काळात बास्केटसमोरची लेन १२ फुटांवरून १६ फूट केली, कारण तो तिथे जाऊन उभा राहिला की खेळ संपायचा. अशा माणसाचं वर्चस्व वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही.

कुस्तीतला या जातीचा माणूस म्हणजे अलेक्झांडर कॅरेलिन. सायबेरियाचा, ग्रीको-रोमन स्टाइल, १३० किलोचा गट, म्हणजे समोरचाही तेवढाच अवजड. ग्रीको-रोमनमध्ये पायाला हात लावायचा नाही, सगळं कमरेच्या वर. समोरचा पैलवान वाचण्यासाठी मॅटला पालथा चिकटून पडला की कॅरेलिन त्याच्या कमरेला उलटी मिठी घालून त्याला जमिनीवरून उपसून काढायचा आणि डोक्यावरून मागे टाकायचा. हा डाव हलक्या वजनात लोक करतात, १३० किलोच्या माणसाला असं उचलेल असं कुणी गृहीतच धरलं नव्हतं. १९८८, ९२, ९६ तिन्ही ऑलिंपिकची गोल्ड, तेरा वर्षं इंटरनॅशनल मॅटवर हार नाही, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं तर कुणाला एक पॉइंटसुद्धा दिला नव्हता. त्याचा दुसरा कोण? अमेरिकेचा मॅट गफारी, मूळचा इराणचा. अटलांटाच्या फायनलला गफारी फक्त एका पॉइंटनं हरला आणि सिल्व्हर गळ्यात घेऊन रडला. इतका चांगला पैलवान, पुन्हा पुन्हा त्याच माणसासमोर येत राहिला आणि एकदाही सुटला नाही. मग २००० साली सिडनीत रुलन गार्डनर, वायोमिंगच्या डेअरी फार्मवर वाढलेला, त्याला कॅरेलिननं तीन वर्षांपूर्वी ५-० नं धुतलं होतं. नव्या नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांना मिठी घालून सुरुवात करायची होती, ज्याची पकड आधी सुटेल त्याचा पॉइंट गेला, आणि कॅरेलिनचे हात क्षणभर सुटले. १-०. तेवढ्यावर गोल्ड गेलं. त्या एका पॉइंटमुळे मागची तेरा वर्षं हलकी होतात असं मला अजिबात वाटत नाही. बाबांचंही मत असंच आहे, ते म्हणतात शेवटची कुस्ती बघून पैलवान ठरवायचा नसतो.

आता स्क्वॉश. हा खेळ आपल्याकडे क्लबवाल्यांचा समजला जातो म्हणून या वादात त्याचं नाव निघत नाही, आणि त्यामुळे दोन माणसं कायम सुटतात. पहिला जहांगीर खान. पेशावरजवळच्या नवाकिले गावचं घराणं, कराचीत जन्म, लहानपणी हर्नियाची ऑपरेशन्स झालेली, डॉक्टरांनी धावपळीचं काही करू नको सांगितलेलं. १९७९ ला मोठा भाऊ तोरसम ऑस्ट्रेलियात कोर्टवरच हार्ट अटॅकनं गेला. पोरगं खेळ सोडून देणार होतं. चुलतभाऊ रहमतनं त्याला घडवलं आणि एप्रिल १९८१ पासून नोव्हेंबर १९८६ पर्यंत जहांगीर कुणाशी हरला नाही. ५५५ मॅचेस हा आकडा सगळीकडे दिला जातो. १९८२ ला तर एक आख्खी टुर्नामेंट त्यानं एकही पॉइंट न देता जिंकली. त्याच्या खेळात चमत्कारी शॉट वगैरे फार नव्हते, तो नुसता समोरच्याला दमवायचा, रॅली लांबवत न्यायचा. १९८३ ला इजिप्तच्या गमाल अवादशी झालेली मॅच पावणेतीन तास चालली, पहिला गेमच एक तासाच्या वर, तो गेम अवादनं जिंकला आणि त्यात त्याचं एवढं काही संपून गेलं की पुढचे तीन जहांगीरचे. मला वाटतं इथे वर्चस्वाचा एक क्रूर भाग दिसतो, समोरच्याला जिंकल्यानंतरही हरवायचं.

हे सगळं शेवटी मोडलं कुणी, तर न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मननं, तुलूजला वर्ल्ड ओपनच्या फायनलमध्ये. पॅराशूटच्या अपघातात गुडघा मोडून घेतलेला माणूस, वर्षानुवर्षं जहांगीरकडून सेमी आणि फायनल हरत आलेला, पण एक दिवस हा थोडा कमी पडेल आणि मी तिथे असेन, या हिशेबानं प्रॅक्टिस करत राहिला. रॉस नॉर्मनबद्दल मला फार आदर आहे. एवढा काळ दुसरा राहायला जे लागतं ते पहिला राहायला लागत नाही.

आणि दुसरं सुटलेलं नाव हेदर मॅकके. ही बाई १९६० मध्ये एक मॅच हरली, १९६२ मध्ये दुसरी हरली, आणि त्यानंतर १९८१ ला रिटायर होईपर्यंत एकदाही हरली नाही. पुन्हा वाचा हवं तर. १९६२ ते १९७७ सलग १६ ब्रिटिश ओपन, ती स्पर्धा म्हणजे त्या काळातली वर्ल्ड चॅम्पियनशिपच. मग १९७६ ला बायकांची खरी वर्ल्ड ओपन सुरू झाली तर तीही जिंकली, १९७९ ला पुन्हा जिंकली. हॉकीतही ऑस्ट्रेलियाकडून खेळली. तरीही डेव्हिसच्या त्या पाच नावांत ती नाही, जगभरच्या टॉप टेनमध्ये ती नाही, आणि नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, पण तेव्हा बायकांमध्ये कॉम्पिटिशन कुठे होती? हा प्रश्न योग्यच आहे, मी स्वतः सगळ्यांना तोच विचारते, पण मग तो जहांगीरलाही विचारा, ब्रॅडमनलाही विचारा. साठच्या दशकात बायकांचं स्क्वॉश इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि आणखी चार-दोन देशांत होतं, आणि ब्रॅडमनच्या काळातलं क्रिकेटही तेवढंच होतं. एकाला ती सूट द्यायची आणि दुसरीला नाही, हे मला मान्य नाही. जवळजवळ वीस वर्षं. या काळात शरीर म्हातारं होतं, पिढ्या बदलतात, एखाद्या दिवशी ताप असतो, एखाद्या दिवशी मन नसतं, आणि यातल्या एकाही दिवशी ती हरली नाही.

व्हीलचेअर टेनिसची एस्थर व्हर्गिअरही अशीच, नेदरलँड्सची, २००३ ते २०१२ सलग ४७० सिंगल्स मॅचेस आणि न हरताच रिटायर. त्या सगळ्या काळात बीजिंग पॅरालिंपिकची फायनल ही एकच मॅच खरोखर हातातून जायच्या बेतात होती, कोरी होमनकडे मॅच पॉइंट होता, तो वाचवून व्हर्गिअर जिंकली. व्हीलचेअर टेनिसचं फील्ड लहान होतं हे मी मानते आणि म्हणून तिला मॅकके आणि ब्रॅडमनच्या एक पायरी खाली ठेवते, पण यादीबाहेर नाही.

टीमचं वर्चस्व हा खरं तर वेगळा विषय, पण मराठी माणसांशी बोलताना मुंबईची रणजी टीम सोडून पुढे जाता येत नाही. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ वेळा चॅम्पियन. आता विचारा दुसरा कोण. राजस्थान. सात फायनल मुंबईकडून हरले, आणि टीम काय लिंबूटिंबू नव्हती हो, विनू मांकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी, हनुमंत सिंग. मांकड आणि मांजरेकर तर आधी मुंबईकडूनही खेळलेले. १९७०-७१ ला गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला होते, मुंबईची उरलेली टीम सुधीर नाईकांनी नेली आणि फायनलला आपल्या महाराष्ट्रालाच हरवलं. दुसऱ्या फळीनं चॅम्पियन व्हायचं, याला म्हणतात वर्चस्व. १९७३-७४ ला शेवटी कर्नाटकनं सेमीफायनलला बंगलोरमध्ये मुंबईला रोखलं, आणि फायनलला समोर कोण तर पुन्हा राजस्थान, आणि राजस्थान पुन्हा हरलं. त्यांना पहिली रणजी मिळायला २०१०-११ उजाडलं.

आणि याच मुंबईतल्या पद्माकर शिवलकरांचा विचार केला की मला या सगळ्या वादाची दुसरी बाजू दिसते. १९७२-७३ च्या फायनलला तमिळनाडूविरुद्ध १६ रन्समध्ये ८ विकेट, फर्स्ट क्लासमध्ये एकूण ५८९ विकेट, आणि टेस्ट शून्य. कारण डावखुरा स्पिनर एकच लागायचा आणि तो बिशनसिंग बेदी होता. हरयाणाच्या राजिंदर गोयलांचं तेच, नुसत्या रणजीत ६०० च्या वर विकेट, तेही टेस्टविना. बेदी किती मोठा होता हे मोजायचं असेल तर त्याच्या २६६ टेस्ट विकेट बघण्यापेक्षा मी हे दोघं बघायला सांगेन, की एवढे दोन बॉलर त्याच्यामुळे बाहेर बसले. शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्या वाट्याला एक टेस्ट तरी यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, आणि ते वाटणं काही केल्या जात नाही.

दुसऱ्यानं मनावर घेतलं की काय होतं ते कबड्डीत दिसलं. एशियन गेम्समध्ये १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांचं गोल्ड दर वेळी भारताचं, आणि २०१८ ला सेमीफायनलमध्ये इराणनं हरवलं. तोवर इराणी पोरं आपल्या लीगमध्ये खेळून शिकलेली होती, फजल अत्राचली यू मुंबाकडून खेळायचा तेव्हा आपणच टाळ्या वाजवत होतो. पुढच्या वेळचं गोल्ड पुन्हा भारताला मिळालं, पण मला विचाराल तर आधीच्या सातांपेक्षा त्या एकाचं वजन जास्त आहे, कारण आता समोर जोड आहे.

याच कारणासाठी फेडरर, नदाल, जोकोविच यांच्यातला एकही माझ्या डॉमिनंट यादीत वर येत नाही आणि त्यावर सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्यात मी. २०, २२, २४. तिघं एकमेकांचे दुसरे होते, एकमेकांच्या ट्रॉफ्या खात होते. महान कोण असं विचारलं तर तिघंही आहेत, कदाचित एकमेकांमुळेच इतके झाले, पण वर्चस्व तिघांत वाटलं गेलं. अपवाद एकच, क्ले कोर्टवरचा नदाल. फ्रेंच ओपनला ११२ विजय आणि फक्त ४ पराभव, आणि तिथे दुसरा कोण तर हेच फेडरर आणि जोकोविच, म्हणजे दुसराही इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक. एका कोर्टापुरता नदाल मी ब्रॅडमनच्याही शेजारी बसवेन. मेसी मात्र नाही बसत, रोनाल्डोसारखा माणूस पंधरा वर्षं खांद्याला खांदा लावून होता ना.

राहिले बोल्ट, फेल्प्स आणि सध्याचा मोन्डो डुप्लांटिस. २०२० ला त्यानं ६.१७ मीटरनं पोल व्हॉल्टचा वर्ल्ड रेकॉर्ड मोडला आणि तेव्हापासून एकेक सेंटिमीटरनं स्वतःचाच मोडत २०२५ च्या सप्टेंबरला टोकियोत ६.३० वर पोचला. त्या दिवशी सिल्व्हर मिळवणारा ग्रीसचा करालिस ६.०० वर थांबला होता. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या-दुसऱ्यात ३० सेंटिमीटर! आणि डुप्लांटिस रेकॉर्डच्या उडीची तयारी करत होता तेव्हा हाच करालिस छोटा पंखा घेऊन त्याला वारा घालत होता. मला तो माणूस तिथेच आवडला. पण या तिघांना मी अजून वेगळ्या रांगेत ठेवते, कारण आडव्या दांडीला, पाण्याला किंवा ट्रॅकला तुमच्याविरुद्ध डाव टाकता येत नाही. बोल्टच्या लेनमध्ये कुणी लारवूड सोडू शकत नव्हता. समोरच्यानं सगळी अक्कल पणाला लावून तुम्हाला पाडायचा प्रयत्न करायचा आणि तरी तुम्ही उभे, ही परीक्षा ब्रॅडमननं दिली, मॅककेनं दिली, कॅरेलिननं दिली. करालिस किंवा त्याच्या मागून येणारा कुणी डुप्लांटिसच्या खांद्याला लागला, फायनलच्या शेवटच्या उडीपर्यंत त्याला घाम फोडला, आणि वर्षानुवर्षं तसं होऊनही डुप्लांटिसच जिंकत राहिला, तर त्याचं नाव मी त्या तिघांच्या खाली लिहीन. तोपर्यंत चौथी जागा जहांगीरची.